चार्ल्स ब्रिजवर चालताना पाणी शोधा

मंडळी, प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर गाड्यांना बंदी आहे, म्हणून तो सुखरूप आहे असा अनेकांचा समज असतो. दगडी पुलाचा खरा वैरी पाणी. पूल ओलांडताना ते कुठून शिरतं, कुठून निघतं, एवढं बघत चला. लांबी 516 मीटर, रुंदी साधारण 10 मीटर, कमानी 16. नुसतं चाललात तर 10 मिनिटांत पलीकडे. बघत गेलात तर तास लागेल. सूर्योदयाला जा, नंतर गर्दीत पायाखालची फरशीही दिसत नाही.

जुन्या शहराच्या बाजूच्या बुरुजापासून सुरुवात करा. इथला आधीचा पूल 1342 च्या पुरात गेला. चौथ्या कारेल (म्हणजेच चार्ल्स) राजाने 1357 मध्ये नवा पूल सुरू केला, तो आधीच्यापेक्षा उंच. चुन्यात अंडी घातल्याची दंतकथा तिथे सांगतात. गूळ-हिरड्याचा चुना ठाऊक असलेल्या आपल्याला ती परकी वाटू नये.

डाव्या कठड्यावरून खाली बघा. व्ल्टावा नदीचा प्रवाह या बाजूने येतो, म्हणून खांबांपुढे लाकडी तिरप्या चौकटी रोवल्या आहेत. वाहत येणारा बर्फ आणि ओंडके त्या आपल्या अंगावर घेतात. सप्टेंबर 1890 च्या पुरात ओंडके कमानींत अडकले आणि धरणच झालं. तुंबलेलं पाणी खालून जोराने घुसलं, खांबांच्या पायाखालची वाळू-गोटे खरवडून गेले आणि 3 कमानी कोसळल्या. पाया कातळावर नसला की असं होतं. त्या वेळी सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा पुतळाही नदीत गेला. जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत, तेच हे. आज दिसते ती प्रतिकृती. 2002 च्या पुरानंतरही दोन खांबांचे पाये मजबूत करावे लागले.

आता पायाखाली बघा, कारण मुख्य गोष्ट तिथे आहे. या पुलावरून 1883 पासून घोड्यांची ट्राम धावली, 1905 पासून विजेची, 1908 नंतर बस. पुढे 1965 ते 1978 या काळात मोठी दुरुस्ती झाली, डांबर उखडलं आणि पूल फक्त पायी चालणाऱ्यांचा झाला. निर्णय उत्तम. पण त्याच कामात फरशीखाली सळ्यांच्या काँक्रीटचा स्लॅब घातला गेला. उन्हा-थंडीत स्लॅब लांबी बदलतो. खालचं जाड दगडी अंग तितकं हलत नाही. जोड उघडतात, जलरोधक थर फाटतो आणि पावसाचं पाणी कमानींवरच्या भरावात मुरतं. हिवाळ्यात तेच पाणी वाळूच्या दगडात गोठून फुगतं, पापुद्रे सुटतात. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ सोबत असेल तर लोणा धरतो.

म्हणून 2007 ते 2010 मध्ये फरशी काढून नवा जलरोधक थर आणि निचरा केला गेला. कठड्याचे जुने दगड वाजवीपेक्षा जास्त बदलले, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्त आहे. एखादा दगड एका कडेला झिजला असेल तर तेवढाच तुकडा कापून त्याच जातीच्या दगडाचा जोड बसवता येतो. अख्खा दगड बदलला की जुन्या छिन्नीच्या खुणाही जातात. कठड्यात फिकट, धारदार कडांचा दगड दिसला तर तो बहुधा नवा.

उजवीकडचा आठवा पुतळा यान नेपोमुत्स्की यांचा, 1683 चा. या पुलावरचा हा पहिला संतपुतळा आणि ब्राँझचा, म्हणून पाण्याला दाद देत नाही. वाळूच्या दगडातले बरेच मूळ पुतळे संग्रहालयांत हलवावे लागले.

शेवटाआधी डावीकडे काम्पा बेटावर जिना उतरतो. तो चुकवू नका. कमानीखाली उभं राहून मान वर करा. दगडांच्या सांध्यांमधून उतरलेले पांढरे ओघळ दिसतील: पाण्याने आतला चुना विरघळवून बाहेर आणलेला. ओघळावर बोट फिरवा. कोरडी भुकटी लागली तर जुना पाझर. बोट ओलं झालं तर वर कुठेतरी अजून झिरपतंय.