भाजीच्या वाफ्यांमधली गाणी

नमस्कार.

जर्मन संगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाख, बेथोव्हेन, ब्राम्स येतात. मोठं सभागृह, काळे कोट, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ते संगीत मी मनापासून ऐकते. पण आज मला बोलायचंय ते वेगळ्याच गाण्यांबद्दल. ती मी लाइपझिग शहरात, कांद्या-बटाट्याच्या वाफ्यांशेजारी लाकडी बाकावर बसून ऐकली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिथल्या लोकांबरोबर स्वतः म्हटली. त्यासाठी कुणी माझ्याकडे एक पैसा मागितला नाही.

मी जर्मन शिकवते. दहा-बारा वर्षांपूर्वी कामानिमित्त दोन वर्षं लाइपझिगला होते. पहिल्याच जूनमध्ये एक सहकारी मैत्रीण म्हणाली, “शनिवारी आमच्या बागेत गाणी आहेत, येतेस का?” मला वाटलं, एखादं सार्वजनिक उद्यान असेल. ट्रॅममधून उतरून पोचले तर समोर हिरवं फाटक, आत मातीच्या अरुंद वाटा आणि दोन्ही बाजूंना कुंपण घातलेले जमिनीचे लहान लहान तुकडे. प्रत्येकात एक लाकडी खोपटं, चार फळझाडं, वाफे, पावसाचं पाणी साठवायला पिंप. अशा बागेला तिथे क्लाइनगार्टन म्हणतात, म्हणजे छोटी बाग. जमीन भाड्याची असते. 1983 च्या कायद्याप्रमाणे एका कुटुंबाला जास्तीत जास्त 400 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण चार गुंठे जागा मिळते. खोपटं 24 चौरस मीटरच्या आत हवं, आणि त्यात कायमचं राहता येत नाही. एकतृतीयांश जागेत तरी फळं-भाजीपाला पिकवावाच लागतो. नुसती हिरवळ करून खुर्च्या टाकल्या तर संस्थेची चिठ्ठी येते.

ही कल्पना लाइपझिगमधूनच वाढली. हाउशिल्ड नावाच्या एका मुख्याध्यापकांनी 1864 मध्ये पालकांना एकत्र करून संस्था काढली. तीन वर्षांपूर्वी वारलेले डॉक्टर मोरित्झ श्रेबर यांचं नाव तिला दिलं. गिरण्या-कारखान्यांच्या शहरात वाढणाऱ्या मुलांना खेळायला मोकळं मैदान हवं, एवढाच हेतू होता. पुढे गेझेल नावाच्या शिक्षकांनी मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखून दिले. मुलांनी चार दिवस हौसेने पाणी घातलं, मग तण माजलं. शेवटी आईबापांनीच कुदळी हातात घेतल्या. वाफ्यांना कुंपणं आली, खोपटी आली. आज जर्मनीत अशा नऊ लाखांच्या आसपास बागा आहेत. ज्यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात, त्या श्रेबरांनी स्वतः एकही वाफा खणला नव्हता.

तर त्या शनिवारी. दुपारी एक ते तीन बागेत विश्रांतीची वेळ असते, तेव्हा हातोडा वाजवायचा नाही की गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. बरोबर तीन वाजता संस्थेच्या छोट्या इमारतीसमोर बाकं मांडली गेली. एक अकॉर्डियन, एक व्हायोलिन, एक वाल्डत्सिटर आणि वीसेक जणांचं गायनमंडळ. वाल्डत्सिटर हे ठुरिंगियाकडचं तारवाद्य, एक तार एकेरी आणि बाकीच्या चार जोड्या, मिळून नऊ तारा. मायक्रोफोन नव्हता. वारा होता, म्हणून नोटेशनचे कागद उडू नयेत यासाठी स्टँडला कपड्यांचे चिमटे लावले होते. लाल, निळे, पिवळे. एक चिमटा निसटला की व्हायोलिनवाल्या बाई गज थांबवायच्या, चिमटा लावायच्या आणि पुढच्या मात्रेला पुन्हा गाण्यात शिरायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ऐकणाऱ्यांना गाण्यांचे झेरॉक्स वाटले होते. माझ्या शेजारी एक पंच्याहत्तरीच्या बाई बसल्या होत्या. मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणायला लागले. एकच कागद आमच्या दोघींत आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “तूच धर गं, मला पाठ आहेत.” आणि खरंच पाठ होती, पहिल्या कडव्यापासून सातव्यापर्यंत. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मैफल नावाची जी गोष्ट मी ओळखत होते, ती इथे नाही. गाणारे एका बाजूला आणि ऐकणारे दुसऱ्या बाजूला, असं काही नव्हतंच. गायनमंडळाचं काम फक्त सूर धरून देण्याचं. गाणं सगळ्यांचं.

अकॉर्डियनचा पहिला सूर लागला आणि मला आमच्या घरची पेटी आठवली. नातं खरंच आहे. दोन्हींत धातूची पातळ पट्टी असते, एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं. भात्याची हवा लागली की ती थरथरते आणि सूर निघतो. लाइपझिगपासून ऐंशीएक किलोमीटरवरच्या केम्निट्झ शहरात कार्ल ऊलिश या माणसाने 1834 मध्ये कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरून वाजवायचं छोटं भात्याचं वाद्य, बनवली. त्याच सॅक्सनी प्रांतातलं क्लिंगेनथाल गाव अकॉर्डियन आणि माउथ ऑर्गनसाठी प्रसिद्ध. आमच्याकडे पेटी दुरुस्त करायला येणारे काका झाकण उघडून बाबांना म्हणायचे, “सूर जर्मन आहेत, जपा.” लहानपणी मला ते नुसतं कौतुकाचं विशेषण वाटायचं. त्या बाकावर बसल्यावर कळलं की ते सूर खरोखर एका देशातून, तिथल्या कारागिरांच्या हातून आमच्या घरात आले होते.

दुसरं नातं मला अजून जवळचं वाटतं. त्या दिवशीचं तिसरं गाणं होतं ‘दास वांडर्न’, भटकण्याचं गाणं. पाणचक्कीवर काम शिकणारा पोरगा म्हणतो, पाणी थांबत नाही, चाकं थांबत नाहीत, जड दगडसुद्धा नाचतात, मग मी का थांबू? जर्मनीत शाळेतल्या मुलांनाही हे गाणं येतं. शब्द विल्हेल्म म्युलर यांचे. म्युलर म्हणजे चक्कीवाला, म्हणजे कवीने स्वतःच्या आडनावावरच गाणं केलं. शूबर्टची चाल मैफलीत गायली जाते, पण लोकांच्या तोंडी बसली ती 1844 ची कार्ल त्सोलनर यांची चाल. त्सोलनर लाइपझिगचे, तिथल्या गायनमंडळांचे जुने जाणते. हे विल्हेल्म म्युलर बत्तिसाव्या वर्षी वारले. मागे राहिलेला मुलगा चार वर्षांचाही नव्हता. त्याचं नाव मॅक्स. शिकायला तो लाइपझिगला आला, सेंट निकोलस चर्चसमोरच्या शाळेत गेला, तिथल्याच विद्यापीठात ब्रोकहाउस यांच्याकडे संस्कृत शिकला आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये त्याने सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला. तेच आपले मॅक्स म्युलर. त्यांच्या नावाच्या भवनात पुण्या-मुंबईच्या किती पिढ्या जर्मन शिकल्या! त्यांच्या वडिलांचं गाणं आपल्याला मात्र कुणी शिकवलं नाही. मी स्वतः वीस वर्षं शिकवत होते, आणि मलाही माहीत नव्हतं. म्हणून आज मुद्दाम सांगते आहे.

बागेत बसून फुकट गाणं ऐकण्याची या शहराची सवय श्रेबरबागांपेक्षा जुनी आहे. बाख लाइपझिगला होते तेव्हा, 1729 पासून, विद्यार्थ्यांचा एक वाद्यमेळ त्यांच्याकडे होता. थंडीत हा मेळ त्सिमरमान यांच्या कॉफीगृहात वाजवायचा आणि उन्हाळ्यात दर बुधवारी चार ते सहा, वेशीबाहेर, त्यांच्याच बागेत. एरवी प्रवेशाला पैसे पडत नसत, त्सिमरमान कॉफी विकून कमवायचे. मी गेले त्या बागेतही कॉफी होती, थर्मासमधली, आणि सभासदांनी घरून करून आणलेला चेरीचा केक. टेबलावर एक टोपी उलटी ठेवली होती. ज्याला जे टाकायचं ते त्याने टाकावं.

फुकट ठेवणं परवडतं त्याला व्यवहाराचं कारणही आहे. जर्मनीत सार्वजनिक ठिकाणी गाणं वाजवलं की हक्कांचे पैसे भरावे लागतात. पण कवी आणि संगीतकार जाऊन सत्तर वर्षं उलटली की ते गाणं सगळ्यांचं होतं. जुन्या लोकगीतांना हा खर्च नाही. गाणारे हौशी, जागा संस्थेची, बाकं सभासदांची. संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात. त्या देशात लोक कशासाठीही संस्था काढतात आणि वर्षानुवर्षं निगुतीने चालवतात.

पण ही गाणी अशी मोकळेपणाने म्हणणं तिथे सोपं नव्हतं. फोल्क्सलीड, लोकांचं गाणं, हा शब्द 1773 मध्ये जर्मन विचारवंत हेर्डर यांनी रूढ केला. एकोणिसाव्या शतकात ही गाणी गोळा झाली, छापली गेली, गावोगावची गायनमंडळं ती गाऊ लागली. मग 1933 आलं. गायनमंडळं असोत की बागांच्या संस्था, सगळ्या नाझींच्या छत्राखाली ओढल्या गेल्या. ज्यू सभासदांना बाहेर काढलं गेलं. तीच गाणी मुलांना गणवेश घालून, रांगेत उभं करून म्हणायला लावली. आजींनी एकदा बोलता बोलता सांगितलं, “माझा मोठा भाऊ युद्धावरून परत आला, पण घरात पुन्हा कधी गायला नाही. कुणी सुरू केलं तर उठून बाहेर जायचा.” युद्धानंतर जन्मलेल्या कितीतरी जर्मन लोकांना लोकगीत म्हटलं की अवघडल्यासारखं व्हायचं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण आजींच्या भावाची रिकामी खुर्ची डोळ्यांसमोर आली, तेव्हा मला ते समजलं.

गाणी परत मिळवावी लागली. पूर्व बर्लिनमध्ये वोल्फगांग श्टाइनित्स नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. ज्यू कुटुंबातले, साम्यवादी, नाझींच्या काळात परागंदा झालेले. परत आल्यावर त्यांनी सहा शतकांतली विणकरांची, वेठबिगारांची, सैन्यातून पळालेल्या शिपायांची गाणी शोधून दोन जाडजूड खंडांत छापली, दुसरा खंड 1962 चा. लोकगीत म्हणजे नुसती फुलं-पाखरं आणि राजाची स्तुती नव्हे, हे त्या खंडांनी दाखवलं. पुढे सत्तरच्या दशकात पूर्व जर्मनीतली तरुण पोरं गिटार घेऊन त्यांतली गाणी गाऊ लागली. शिवाय ‘दी गेडांकन झिंड फ्राय’, विचार मोकळे आहेत, हे जुनं गाणं होतंच. 1942 मध्ये वडील तुरुंगात असताना, नाझींना विरोध करणाऱ्या सोफी शॉल या विद्यार्थिनीने उल्मच्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभं राहून त्याची चाल बासरीवर वाजवली. पुढच्याच वर्षी तिला ठार मारलं गेलं.

लाइपझिग तेव्हा साम्यवादी पूर्व जर्मनीत होतं. लाइपझिगकरांना 10 जून 1989 हा दिवसही आठवतो. त्या दिवशी देशभरातले वादक परवानगी न घेता शहराच्या चौकांत येऊन वाजवू लागले. पोलिसांनी त्यांना वाद्यांसकट ट्रकमध्ये भरून नेलं. चार महिन्यांनी, 9 ऑक्टोबरला, त्याच शहरात सत्तर हजारांच्या आसपास माणसं राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरली, आणि पुढच्याच महिन्यात बर्लिनची भिंत उघडली. मैत्रिणीच्या बागेतला अकॉर्डियनवाला जून 89 मध्ये विशीत होता. तो म्हणाला, “उघड्यावर, कुणाला न विचारता वाजवायला मिळतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.” फुकटच्या मैफलीला दर्जा नसतो असं कुणी म्हटलं की मला त्याचं हे वाक्य आठवतं.

काळजीची बाजूही सांगते. गायनमंडळात बहुतेक डोकी पांढरी होती, आणि पुरुषांच्या खर्जाला तिघेच जण. हौशी मंडळांचं समूहगान 2014 मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय वारसा यादीत आलं, ते चांगलंच झालं, पण यादीने खर्जाला माणसं मिळत नाहीत. ती बागेत मिळतात. पलीकडच्या बागेत एक व्हिएतनामी कुटुंब होतं, पूर्व जर्मनीच्या काळात कारखान्यात कामाला आलेलं. त्यांच्या वाफ्यात कोथिंबीर होती, म्हणून माझी त्यांच्याशी आधी ओळख झाली. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा पहिल्या वर्षी नुसती बाकं उचलायला यायचा. दुसऱ्या वर्षी तो खर्जात उभा होता.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात आजी आल्या नाहीत. पाय मोडून त्या इस्पितळात होत्या. त्यांच्या बागेतल्या लाल आंबट योहानिसबेरी घोसांनी लगडल्या होत्या, आणि शेजाऱ्यांनी त्या तोडून बरण्या भरून ठेवल्या होत्या. कार्यक्रम उन्हं कलल्यावर संपला. शेवटी नेहमीप्रमाणे मत्तियास क्लाउडियस यांचं चंद्रोदयाचं गाणं झालं, 1779 चं. करोनाच्या पहिल्या वसंतात तिथले लोक रोज संध्याकाळी सात वाजता बाल्कनीत उभं राहून हेच गाणं म्हणत होते. त्याच्या शेवटच्या कडव्यात देवाकडे एवढंच मागणं आहे: आम्हाला शांत झोप लागू दे, आणि आमच्या आजारी शेजाऱ्यालाही.

ते कडवं आलं तसं कुणी काही न सांगता सगळेजण आजींच्या बागेकडे वळून गायला लागले. कागदावर तेवढी सात कडवी नव्हती, पण मला आता ती पाठ होती. गाणं संपल्यावर अकॉर्डियनवाल्याने भाता मिटून पट्टा लावला, व्हायोलिनवाल्या बाईंनी चिमटे मोजून डब्यात टाकले, आणि एक बरणी माझ्या हातात देऊन मैत्रीण म्हणाली, “तुझ्या वाटेवरच आहे इस्पितळ. देशील?”