कीबोर्ड साधाच, मराठी त्यातच

श्रोतेहो, नमस्कार.

कचेरीत नवा माणूस रुजू झाला की आठवड्याभरात त्याचा एक प्रश्न हमखास येतो : मराठी टायपिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं? कुठलंच नाही. विंडोज असलेल्या कम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जा, भाषांच्या यादीत मराठी जोडा, झालं. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबलात की इंग्रजीचं मराठी होतं, पुन्हा तसंच केलं की परत इंग्रजी. कळांवर मराठी अक्षरं छापलेली नसतात, पण त्यानं अडत नाही. बोटांना जागा कळली की नजर खाली जातच नाही.

कळांवरच्या अक्षरांच्या या मांडणीला इनस्क्रिप्ट म्हणतात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ती १९८६ साली आणली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. आपली वर्णमाला पाठ असणाऱ्याला ती चटकन बसते. एफ आणि जे या कळांवर बोटांना बारीकसा उंचवटा लागतो, तिथे दोन्ही तर्जन्या ठेवा. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या, उकार. उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ख. तसाच त चा थ, प चा फ, ग चा घ. आणि गंमत म्हणजे कन्नड किंवा गुजराती लावलंत तरी क त्याच कळेवर. सीमाभागात दोन्ही भाषांत पत्रं करणाऱ्या कारकुनाला याचं मोल विचारा.

'कार्यालय' हा शब्द घेऊ. के वर क, ई वर काना, जे वर र, डी वर हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, स्वल्पविरामापासून दोन घरं उजवीकडे य, परत ई वर काना, मग एन वर ल आणि शेवटी पुन्हा य. आठ कळा. रफार वेगळा शोधावा लागला नाही : र चा पाय मोडला, पुढे य दिला, रफार आपसूक वर चढला.

टाइपरायटरवर हात बसलेल्यांची पंचाईत होते ती इथेच. तिथे कागदावर जे डावीकडे उमटायचं ते आधी मारावं लागे, म्हणून 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. रफार मात्र अक्षरानंतर. कम्प्युटरवर उच्चाराच्या क्रमानं जायचं : आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवणं हे यंत्राचं काम. सुरुवातीला जुन्या टायपिस्टांची चिडचिड होते खरी.

आणखी एक गोष्ट, जी मला रोज खटकते. 'अधिकाऱ्यांना' या शब्दात य वर रफार चढवलेली पत्रं सर्रास बाहेर पडतात. वाचायचं कसं, तर 'कार्यालय'मधल्या 'र्य'सारखं! शिफ्ट धरून जे दाबा, मग हलन्त, मग य; आपला तो आडवा, अर्धचंद्रासारखा र बरोबर येतो. 'दुसऱ्या', 'साताऱ्याच्या', 'कऱ्हाड', सगळीकडे हीच युक्ती.

इंग्रजी अक्षरांत शब्द लिहून कम्प्युटरकडून त्याचं मराठी करून घेणारे बरेच आहेत. निरोपापुरतं ठीक. पण न का ण, ल का ळ, श का ष, हे दर शब्दाला यादीतून निवडत बसायचं म्हणजे दोन पानी टिपणीत दुपार जाते. जुन्या फॉण्टांची तऱ्हा त्याहून वाईट. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉण्ट नसलेल्या कम्प्युटरवर फाइल उघडली की मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लिहिलेलं कुठेही उघडतं, आणि हजार नावांच्या यादीत एक आडनाव शोधायचं तर कंट्रोल-एफ पुरतं.

कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड आता बहुतेकांना येतात. लिहिलेलं जतन करणाऱ्या कंट्रोल-एसची सवय मात्र लावून घ्या, वीज सांगून जात नाही. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल, म्हणजे पडद्याला कुलूप. पासवर्ड बरोबर असून नाकारला जात असेल तर आधी कॅप्स लॉक बघा, मग मराठी चालू राहिलंय का ते. आणि बिलं टाकणाऱ्यांसाठी : उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनात पाचावर उंचवटा असतो, मधलं बोट तिथे. मोबाइलवर एक-दोन-तीन वरच्या ओळीत असतात, इथे खालच्या. घाईत रक्कम चुकते ती यामुळेही.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द मागतात. रोज अर्धा तास, पण कळांकडे न बघता. बघून केलेला सराव वेग वाढवत नाही. पहिले काही दिवस मधल्या ओळीतच रहा : प, र, क, त, च उजवीकडे, ओकार, मात्रा, हलन्त, वेलांटी, उकार डावीकडे. 'पत्र', 'प्रति', 'तुकडे', असे शब्द करता करता ड साठी उजवी करंगळी आपोआप वरच्या ओळीत जाईल, आणि तिथून पुढच्या कळा घ्यायला हरकत नाही.

नमस्कार.