होडी कुठे टेकवायची? लिफ्टच्या बंकांविषयी थोडं

होडी पाण्याबाहेर उचलून ठेवणारी लिफ्ट घ्यायला गेलेला माणूस दोनच गोष्टी विचारतो: वजन किती उचलते, आणि कितीला पडेल. बंकांची चौकशी कुणी करत नाही. बंक म्हणजे लिफ्टच्या आडव्या तुळयांवर बसवलेल्या, कार्पेट ठोकलेल्या त्या दोन लांब फळ्या. होडी पाण्याबाहेर आली की तिचा सगळा भार त्यांच्यावर. लिफ्ट बसवणारा येतो, दोन फळ्यांमध्ये अंदाजाने अंतर ठेवतो, बोल्ट आवळतो आणि पुढच्या घरी जातो. इथे मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत आणि आपल्यापैकीही काहींनी आता काठावर घरं घेतली आहेत. तेव्हा आज त्या अंतराबद्दलच बोलू.

आधी थोडा हिशोब. पाण्यातली होडी निवांत असते, कारण पाणी तिला बुडालेल्या सगळ्या तळाने उचलून धरतं. अर्धा मीटर खोलीवर पाण्याचा दाब चौरस मीटरला ५०० किलो भरतो. आता दोन टनांची होडी घ्या, आणि ३ मीटर लांब, १४ सेंटिमीटर रुंद अशा दोन बंकांवर ठेवा. टेकणारी जागा ०.८४ चौरस मीटर, म्हणजे दाब २,४०० किलोच्या घरात गेला. तरीही घाबरण्यासारखं काही नाही, फळी पूर्ण रुंदीने टेकलेली असेल तर. फळीचा कोन तळाच्या उताराशी जुळला नाही आणि नुसती २ सेंटिमीटरची कड टेकली, तर तोच आकडा सोळा हजारांवर जातो. फायबरच्या तळाला पडलेल्या बारीक तडा बघून लोक होडी बनवणाऱ्याला शिव्या घालतात. पुष्कळदा दोष त्या कडेचा असतो.

दुसरी गोष्ट, होडीची ताकद बाहेरून दिसत नाही. तळाच्या आतून लांबीभर स्ट्रिंगर, म्हणजे आधाराच्या तुळया, गेलेले असतात, इंजिनचं आणि डेकचं ओझं तेच पेलतात. भिंत तुळईवर उचलतात, स्लॅबच्या मधोमध नाही. तसाच बंक स्ट्रिंगरखाली यायला हवा. ते शोधायचे कसे? उत्पादकाला फोन करून दोन स्ट्रिंगरमधलं अंतर विचारा, हा सगळ्यात सोपा उपाय, आणि नेमका तोच कुणी करत नाही. ते जमलं नाही तर होडी ट्रेलरवर असताना प्लॅस्टिकची हातोडी घ्या आणि कण्यापासून, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेपासून, बाहेरच्या दिशेने हलके ठोके देत जा. रिकाम्या जागी आवाज पोकळ येतो, स्ट्रिंगरपाशी आला की बसका, भरीव होतो. तिथे चिकटपट्टी लावून खूण करा. तळाला बाहेरून ज्या उभट कडा असतात, स्ट्रेक म्हणतात त्यांना, त्या बंकावर येऊ देऊ नका. खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर आणि पाणी आत घेणारी भोकंही चुकवायची.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत हा प्रश्न कागदावरच सुटलेला असतो. कोरड्या गोदीत घ्यायच्या प्रत्येक जहाजाचा डॉकिंग प्लॅन असतो. जहाजाच्या कुठल्या फ्रेमखाली, म्हणजे फासळीखाली, कुठला ठोकळा, हे त्यात आखलेलं. मुंबईत १७५० साली बॉम्बे डॉक बांधली गेली, तेव्हापासून आपल्याकडे हे काम चालत आलंय. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या लाकडी होड्या नीट बघा. भार पठाणावर, म्हणजे कण्यावर. बाजूचे टेकू फक्त ती कलंडू नये म्हणून. खोल कील, म्हणजे खाली उतरलेला कणा, असलेल्या शिडाच्या बोटींचंही तसंच. आपल्या वेगाने पळणाऱ्या फायबरच्या होड्यांचं मात्र बहुतेक वेळा उलट: भार बंकांवर आणि कणा लिफ्टच्या तुळईपासून दोन बोटं तरी वर.

आता मागचा भाग. खरं नुकसान इथेच होतं, आणि वर्षानुवर्षं कळतही नाही. मागच्या उभ्या फळीला, ट्रान्समला, आउटबोर्ड इंजिन लटकलेलं असतं. २०० अश्वशक्तीचं असेल तर दोनशे किलोंहून जड. बंक ट्रान्समच्या हातभर आधीच संपले तर तेवढा तळ अधांतरी राहतो आणि इंजिन त्याला हळूहळू खाली ओढतं. काही उन्हाळ्यांनी ट्रान्समच्या पुढे तळाला किंचित खोलगट बाक येतो. त्याला हुक म्हणतात. दिसायला काही नाही, पण होडी पळवली की नाक खाली घालते, पाणी नांगरत जाते, वेग मिळत नाही. मालक मात्र पंखा बदलत बसतो. शंका असेल तर मीटर-दीड मीटरची सरळ पट्टी तळाला लांबीच्या दिशेने, ट्रान्समपर्यंत धरा. मध्ये उजेड दिसला की समजा. म्हणून आउटबोर्ड असेल तर बंक ट्रान्समपर्यंत गेलेच पाहिजेत. पाण्यावर स्की करणाऱ्याला मागे ओढणाऱ्या स्कीच्या होड्यांचं इंजिन मधोमध असतं, तिथे चिंता वेगळी: खालचा शाफ्ट, पंखा आणि फिन यांना तुळई लागू नये एवढे बंक उंच हवेत. वॉटर स्कीइंग १९२२ साली याच राज्यात, लेक पेपिनवर सुरू झालं, त्यामुळे अशा होड्या इथे घरोघरी.

बसवताना घाई नको. ब्रॅकेटचे बोल्ट सैल ठेवा, होडी आत घ्या, लिफ्ट जेमतेम टेकेपर्यंत वर आणा. फळ्या आपणहून तळाच्या उतारावर बसतात. मग आवळा. पूर्ण उचलल्यावर एक जाड कार्ड घेऊन तळ आणि बंक यांच्या मधून फिरवत जा. जिथे ते सहज आत शिरतं तिथे भार नाही, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी जास्त आहे. चार खांबांची लिफ्ट असेल तर तिला उचलणाऱ्या तारांकडेही बघा. मागच्या ताणलेल्या आणि पुढच्या ढिल्या दिसल्या तर होडी थोडी पुढे घ्यायची.

लाकडाबद्दल एक. होडी ॲल्युमिनियमची असेल तर दुकानातलं हिरवट, रसायन मुरवलेलं लाकूड बंकाला वापरू नका. २००४ पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचं मिश्रण गेलं आणि तांब्याचं प्रमाण वाढलं. ओल्या कार्पेटमधून ते तांबं ॲल्युमिनियमला खातं, बारीक खड्डे पडतात. साधं लाकूड घ्या, चार-पाच वर्षांनी बदला.

आणि मघाशी एकांनी विचारलं, की लिफ्टवर असताना होडीतलं पाणी बाहेर सोडायचं बूच काढायचं का? काढायचं, आणि नाक जरासं वर ठेवायचं. ५ मीटर लांब, २ मीटर रुंद होडीत १० सेंटिमीटर पाणी साचलं तर ते एक टन होतं. दोन टनांसाठी मांडलेल्या बंकांवर एका पावसात तीन टन येतात, आणि ते पाणी कुठल्या बाजूला धावेल याचा नेम नाही.