नापास बागेचा माल

(दृश्य: सकाळचं धुकं, दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. कागदाखाली झाकलेले घड.)

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत गोडी सतरा ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं माप) आली आहे. युरोपला निर्यातीचा सौदा ठरला, उद्या तोडणी. आणि आज प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडतो: एका कीटकनाशकाचा अंश किलोमागे ०.०१८ मिलिग्रॅम. युरोपची मर्यादा ०.०१.

०.०१ म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट हाच आकडा लागतो. ही विषबाधेची रेषा नव्हे. म्हणून हा माल विषारी ठरवणं चूक, आणि ‘एवढ्याने काय होतंय’ हेही चूक.

(दृश्य: पॅकहाऊस. क्रेटवर प्लॉटचा नोंदणी क्रमांक.)

शेजारचा प्लॉट पास आहे. त्याच्या क्रमांकावर हे क्रेट घालायचे का? याला पेच म्हणू नये, ही फसवणूक आहे. ग्रेपनेटमध्ये, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीत, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. माल तिकडे पकडला गेला, तर बोट शेजाऱ्याकडे जातं, ज्याने वेळेत फवारणी थांबवली होती.

दुसरा युक्तिवाद जास्त हुशार असतो. मोजणीत अनिश्चितता असते आणि युरोपातल्या यंत्रणा कारवाईआधी साधारण ५० टक्के सूट धरतात. ०.०१८चे निम्मे ०.००९, म्हणजे पास! आकडेमोड बरोबर आहे. पण ती सूट निर्दोष माणसावर कारवाई होऊ नये म्हणून तपासणाऱ्याने द्यायची असते, विकणाऱ्याने आधीच खिशात घालायची नसते. शिवाय काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच स्वीकारतात.

खरा पेच पुढे आहे. सौदा मोडला, तर निर्यातदार मोकळा. पण फवारणीचं वेळापत्रक त्याच्याच माणसाने दिलेलं असेल, तर नुकसान एकट्या बागायतदाराने का सोसायचं?

(दृश्य: बंदर, शीत कंटेनर.)

२०१० साली हा प्रश्न शेकडो बागांपुढे आला. वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती सुधारावी म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, फवारलं जायचं. ते वेलीत साठून राहतं आणि पुढच्या हंगामात फळात उतरतं. इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतं, त्यामुळे अहवाल स्वच्छ आले. युरोपात मात्र ते सापडलं, कंटेनर अडकले, बागायतदारांचे पैसे रखडले. मुद्दाम केलेली चूक दाखवता येत नव्हती, तरी किंमत कुणाला तरी मोजावी लागणार होती. पुढे ते रसायन यादीत आलं. पण यादीत नसलेल्या गोष्टीचा भार कुणी उचलायचा, हे यादी सांगत नाही.

हे फेब्रुवारीत ठरवायला बसलं की भांडणच होतं, कारण तेव्हा माल झाडावर असतो आणि पावसाची धास्ती डोक्यावर. हंगामाच्या सुरुवातीच्या फळछाटणीच्या वेळीच सौदेपावतीवर लिहून घ्यावं: औषधांची यादी कुणाची, तपासणीचा खर्च कुणाचा, अहवाल नापास आला तर किती दिवस थांबायचं, फेरतपासणीचा नमुना कधी, आणि तरी नापास झाला तर स्थानिक बाजारातल्या दरातली तूट कोण कितपत भरणार. फवारणी डायरीत तारीख, औषध, मात्रा आणि लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस) रोजच्या रोज. आठवणीतून लिहिलेली डायरी वादात टिकत नाही. अहवालावर निर्णय घेणारा माणूस खरेदीवर कमिशन मिळवणारा नसावा, हे तर सगळ्यात आधी.

(दृश्य: नाशिकचा बाजार, रिकाम्या क्रेटची थप्पी.)

राहिला तो अवघड प्रश्न: युरोपला नको तो माल आपल्या माणसांनी खायचा का? भारतीय मर्यादा त्या औषधासाठी वेगळी असू शकते. काढणीपूर्व कालावधी पूर्ण झाला नसेल, तर माल कुठेच जाऊ नये. तो पूर्ण झाला असेल आणि अंश भारतीय मर्यादेत असेल, तर विक्री कायदेशीर आहे, आणि आमच्या मते रास्तही. अट एकच: अहवालाची प्रत व्यापाऱ्याच्या हाती द्यायची, भाव ठरायच्या आधी.