डॉ. रुस्तम वकील यांचे संशोधन : सर्पगंधेपासून जनुकापर्यंत

(दादर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘औषधशास्त्र आणि रेणवीय जीवशास्त्र’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु गेली अनेक वर्षे मनात असलेली एक गोष्ट मुंबईकर श्रोत्यांसमोर आधी बोलून घेतो.

एका वैद्यकीय महाविद्यालयात तोंडी परीक्षा घेताना मी विद्यार्थ्यांना विचारत असे, की रेसर्पिन हे औषध आले कुठून. बहुतेकांचे उत्तर ‘स्वित्झर्लंड’ असे येई. ते चूक नव्हते, कारण सर्पगंधा या औषधी वनस्पतीच्या मुळीतून हा शुद्ध घटक १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझलच्या सिबा या औषध कंपनीतच वेगळा काढला गेला. पण या मुळीने रक्तदाब उतरतो हे पाश्चात्त्य वैद्यकाला पटवून देणारा लेख त्याआधी तीन वर्षे मुंबईहून गेला होता, आणि तो लिहिणारे डॉ. रुस्तम जाल वकील आपल्या परळच्या केईएम रुग्णालयाचे होते, हे त्या मुलांना कोणी सांगितलेलेच नव्हते. मला खंत वाटते ती मुलांबद्दल नाही, शिकवणाऱ्यांबद्दल आहे.

वकील पहिले होते असा माझा दावा नाही. सेन आणि बोस या भारतीय वैद्यकतज्ज्ञांनी १९३१ मध्येच उन्माद आणि रक्तदाब या दोहोंसाठी ही मुळी सुचवली होती, त्याच सुमारास रसायनशास्त्रज्ञ सिद्दीकी यांनी दिल्लीत तिच्यातील अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीतील औषधी गुणाची रसायने, वेगळी केली होती, आणि वैद्यांना तर ती शतकानुशतके ठाऊक होती. वकिलांनी केले ते असे, की प्राथमिक, म्हणजे दुसऱ्या कोणत्या आजारामुळे न आलेल्या, उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, त्यांना हे औषध देऊन रक्तदाब मोजला, नोंदला, आणि ती नोंद १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली. ‘गुण येतो’ असे सांगणारे पुष्कळ होते. किती येतो, हे त्यांनी आकड्यांत मांडले. तो लेख वाचूनच बॉस्टनचे डॉक्टर रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली, आणि १९५७ मध्ये वकिलांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. संशोधकाची कारकीर्द निबंधांच्या संख्येवरून मोजण्याची जी रीत आज पडली आहे, तिच्यात या एका लेखाचे मोल बसतच नाही; त्यातून पुढे इतरांना कोणते प्रश्न विचारता आले, हे पाहावे लागते.

असा एक प्रश्न जवळून पाहू. या औषधाचा परिणाम एकदम दिसत नाही, काही दिवसांनी दिसू लागतो, आणि औषध थांबवल्यावरही बराच काळ टिकून राहतो. रुग्णाच्या खाटेशी बसून रोज रक्तदाब मोजणाऱ्यालाच हे जाणवते. हे असे का, याचे उत्तर मात्र रेणूंच्या पातळीवरच मिळायचे होते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी समोर आली आहे, तेव्हा मुख्य विषय थोडक्यात सांगतो. रेसर्पिनमुळे शरीरातील सेरोटोनिनचे, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका रसायनाचे, साठे रिकामे होतात, हे १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. स्वीडनच्या कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपा (ज्यापासून शरीर डोपामिन हे तसेच दुसरे रसायन बनवते) देऊन पुन्हा हालते केले, आणि पार्किन्सनच्या आजारावरील (कंपवातावरील) उपचाराची वाट तिथून निघाली. चेतापेशीत सेरोटोनिन, डोपामिन यांसारखी रसायने पुटिकांमध्ये, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांमध्ये, भरणारे एक वाहक प्रथिन असते. रेसर्पिन त्याला जवळजवळ कायमचे चिकटून बसते. भरणे बंद पडले, की साठा हळूहळू ओसरतो, आणि नवी प्रथिने व पुटिका तयार होईपर्यंत तो परत भरत नाही. सावकाश येणे आणि सावकाश जाणे, दोन्हींचा उलगडा इथे होतो.

या वाहकाचे जनुक १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात हाती आले. उंदराच्या पेशींमधील जनुके हॅमस्टरच्या पेशींत घालून त्यांच्यावर एमपीपी प्लस नावाचे विष सोडले गेले. ज्या पेशींना वाहक मिळाला त्यांनी ते विष पुटिकांत कोंडले आणि त्या वाचल्या. पण सोबत रेसर्पिन दिले, की त्यांचे ते संरक्षण नाहीसे झाले. वाहकाची ओळख पटवण्याच्या कामी सर्पगंधाच आली. रेसर्पिनमुळे नैराश्य येते का, हा वाद मी आज घेऊ शकलो नाही. तो प्रश्नोत्तरांत घेऊ.