पंधरा वर्षांची ओम्नी आणि ‘हो जाएगा भिया’

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या मराठी घरांत अजून कितीतरी मारुतीच्या ओम्नी व्हॅन आहेत. कोणाची भजनाला पेटी-तबला नेते, तर कोणी वर्षातून एकदा अख्खं कुटुंब कोंबून ओंकारेश्वर करून येतं. ही गाडी २०१९ साली बनायची बंद झाली. २०१० किंवा २०११ साली घेतलेल्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपत आली आहे, काहींची संपलीसुद्धा.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं दिल्लीच्या बातम्या ऐकून अनेकांनी गृहीत धरलंय. तो वाद दिल्ली परिसराचा. आपल्याकडे खाजगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत. शुल्क मात्र झोंबतं. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी सहाशेचे पाच हजार झाले. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीचं वेगळं, तिला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसची तपासणी.

आता गाडी नायता मुंडल्याला आरटीओत न्यायची म्हटलं की आपण पहिला फोन मिस्त्रीला करतो. पलीकडून उत्तर येतं, “हो जाएगा भिया, टेंशन मत लो.” माझं स्पष्ट मत आहे: गाडी न बघता असं म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. तो पासिंगपुरतं काम करतो. दिवसापुरते दुसऱ्या गाडीचे टायर लावतो, हँडब्रेकची केबल ताणून देतो, पीयूसीपुरतं, म्हणजे धुराच्या तपासणीपुरतं, इंजिन जुळवतो. कागद हातात येतो आणि पुढच्या आठवड्यात भंवरकुआंच्या गर्दीत ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते.

चांगला मिस्त्री आधी किल्ली मागतो आणि एक फेरी मारून येतो. मग मागचं चाक काढतो, ब्रेकचा ड्रम उतरवतो आणि तुम्हाला बोलावतो. ब्रेक-शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोटाने उचलून दाखवतो. आत ओल असेल तर ऑइल गळतंय, ते ब्रेक-शूवर आलं की त्या चाकाला पकड राहत नाही. “शू अजून चालतील, किट बदलू,” असं जो म्हणतो, त्याला धरून ठेवा. काय करायची गरज नाही हे सांगणारा माणूस या धंद्यात दुर्मिळ आहे.

असा माणूस शोधायचा कुठे? दुकानाच्या पाटीवर जाऊ नका. पहाटे दुधाच्या आणि पेपरच्या व्हॅन चालवणाऱ्यांना विचारा. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्यांचा रोज बुडतो, त्यामुळे वाईट मिस्त्री त्यांना परवडतच नाही. मग एकदम मोठं काम देऊ नका. आधी ऑइल बदलून घ्या, फॅनबेल्ट टाकून घ्या. काढलेला जुना पार्ट मागा. तो कपाळाला आठी न घालता हातात ठेवला, तर पुढचं बोलू. छोटी ग्वालटोलीतून सामान आणलं असेल तर डबा आणि बिल पाहायला मागा. यात संकोच कसला?

ओम्नीचा खरा शत्रू गंज. मालव्यातला पावसाळा मॅटखाली साचतो, म्हणून मॅट उचलून गाडीच्या तळाचा पत्रा बघा, सरकत्या दाराची पट्टी बघा. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चॅसिस नंबरवर गंज चढून आकडे वाचता येत नसतील तर तपासणी तिथेच अडते. घासकागद लावू नका, आकडे पुसट झाले तर उलट संशय येतो. रॉकेलच्या फडक्याने हलक्या हाताने पुसा.

टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नकोत. दिवे, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट हे घरी अर्ध्या तासात बघून होतं. पीयूसीत या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या आत लागतो. तो जास्त आला तर आधी एअर फिल्टर आणि प्लग बघायला सांगा. बऱ्याचदा खर्च तिथेच संपतो. गॅसकिट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, आणि सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी. स्वयंपाकाच्या सिलिंडरवर व्हॅन चालवणाऱ्यांशी मला काही बोलायचं नाही, त्यांनी आधी ती टाकी उतरवावी.

तपासणीत गाडी नापास झाली तर तिथल्या तिथे “करवून देतो” म्हणणाऱ्याच्या मागे लागू नका. साहेबांना शांतपणे विचारा, नेमकं काय कमी आहे, आणि ते लिहून घ्या. तो कागद मिस्त्रीपुढे ठेवा आणि तेवढंच काम सांगा.

नमस्कार.