पहाटे तीनची दुपार

(दृश्य : मे महिन्याची अखेर. समुद्रकाठच्या वाडीतील एका घराची ओटी. दिव्याखाली एक व्यक्ती पाठमोरी बसलेली आहे.)

गुहागर तालुक्यातील समुद्रकाठच्या या वाडीत आता रात्रीचे अडीच वाजले आहेत. माडांच्या पलीकडे दूर पाण्यावर मासेमारीच्या ट्रॉलरांचे दिवे दिसत आहेत, वाडीतील बाकीची घरे अंधारात आहेत, आणि या एका घराच्या ओटीवर पन्नाशीचे एक गृहस्थ उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला पापड घेऊन जेवायला बसले आहेत. त्यांना निद्रानाशाचा विकार नाही. ते तीन दिवसांपूर्वी अलास्कातील अँकरेजहून निघाले, आणि तेथे या क्षणी दुपारचा एक वाजला आहे.

हे गृहस्थ एका परदेशी मालवाहू विमान कंपनीत कॅप्टन आहेत आणि बोईंग ७४७ चालवतात. कर्मचाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर बोललेले कंपनीला चालत नाही, म्हणून त्यांचे नाव आणि चेहरा या माहितीपटात येणार नाही. त्यांच्या कामाचे वेळापत्रक मात्र येईल, कारण आपला विषय तोच आहे.

कमावता माणूस घराबाहेर असणे कोकणाला नवे नाही. मुंबईत नोकरीला गेलेला चाकरमानी, बोटीवर गेलेला खलाशी, तांडेल, सारंग, या सगळ्यांसाठी इथल्या भाषेत शब्द आहेत, आणि त्यांच्या येण्याजाण्याचे हिशेब घराघरांत पाठ असतात. मालवाहू विमानाच्या वैमानिकासाठी असा शब्द अजून तयार झालेला नाही. शेजारचे निवृत्त खलाशी काका त्यांना भेटले की “कुठच्या लाइनीवर आहेस रे सध्या?” असेच विचारतात, आणि कॅप्टनही फारसे न समजावता “ह्या खेपेला अलास्का, काका,” असे उत्तर देतात.

काकांच्या आणि कॅप्टनच्या नोकरीत एक फरक आहे, आणि तो कळला की पुढचे बरेचसे आपोआप कळते. जहाज पश्चिमेकडे निघाले की दर काही रात्रींनी त्यावरची घड्याळे एकेक तास मागे घेतली जातात. मुंबईहून सुवेझमार्गे रॉटरडॅमला पोहोचायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात, आणि उन्हाळ्यात तेवढ्या काळात घड्याळ एकूण साडेतीन तासच सरकते, त्यामुळे खलाशाचे शरीर जहाजाबरोबरच बंदरात पोहोचते. विमान एका झेपेत दहाबारा तासांचा फरक ओलांडते. शरीराला मात्र एका तासाचा फरक पचवायला साधारण एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे जाताना त्याहूनही जास्त, कारण ठरलेल्या वेळेआधी झोपणे हे उशिरापर्यंत जागण्यापेक्षा शरीराला कठीण जाते.

(दृश्य : रात्रीचा विमानतळ. बोईंग ७४७ चे नाक वर उघडलेले आहे आणि आत पॅलेट, म्हणजे माल रचून बांधलेले सपाट तक्ते, सरकवली जात आहेत.)

हे काम रात्रीचेच का असते, याचे उत्तर मालाच्या स्वभावात आहे. कारखान्यातून माल संध्याकाळी निघतो, रात्री एका मध्यवर्ती विमानतळावर जमा होऊन त्याची वाटणी होते आणि सकाळी तो दुसऱ्या शहरात हवा असतो. १७ एप्रिल १९७३ रोजी फेडरल एक्स्प्रेस या पार्सल कंपनीने अमेरिकेतील मेम्फिस येथून १४ लहान विमानांनिशी या पद्धतीने काम सुरू केले, तेव्हा पहिल्या रात्री २५ शहरांसाठी फक्त १८६ पाकिटे होती. आज मेम्फिस, लुईव्हिल, लाइपझिग अशा विमानतळांवर मध्यरात्र हीच सर्वांत गर्दीची वेळ असते. नाशवंत मालाची घाई तर आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला विकिरण प्रक्रियेच्या, म्हणजे किरणांच्या माऱ्याने कीड निकामी करण्याच्या, अटीवर प्रवेश दिला. बागेतून निघालेला हापूस आधी त्या प्रक्रियेसाठी वाशीला जातो आणि मग विमानात चढतो, तेव्हा त्याच्या आयुष्यातले काही दिवस रस्त्यातच गेलेले असतात. असा माल विमानतळावर वैमानिकाची झोप पुरी होण्याची वाट पाहू शकत नाही.

आता अँकरेज. नकाशावर एका कोपऱ्यात दिसणारे हे शहर आशिया आणि उत्तर अमेरिका यांच्यामधील वाटेवर जवळजवळ मध्यावर येते. बोईंग ७४७-४०० या मालवाहू विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३९७ टन असते, आणि त्यांपैकी ११० टनांहून अधिक माल भरला, तर हाँगकाँगहून थेट शिकागोला जाण्याइतके इंधन घेण्यास वजनाची जागा उरत नाही. प्रवासी विमान ते अंतर एका दमात कापू शकते, कारण माणसे आणि त्यांच्या बॅगा मालाच्या मानाने हलक्या असतात. मालवाहू विमान अँकरेजला उतरून इंधन भरते, वैमानिक बदलतात आणि विमान पुढे जाते. उतरलेले वैमानिक हॉटेलात जातात आणि मागून येणाऱ्या एखाद्या विमानाची वाट पाहतात. विमानाला झोप लागत नसल्यामुळे ते जवळजवळ अखंड फिरत राहते, माणसांची मात्र त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी पेरणी करावी लागते. मालवाहू कंपनीचे रोस्टर म्हणजे या पेरणीचा तक्ता होय.

कॅप्टनच्या मागच्या खेपेतील तीनच दिवस पाहू. ते मुंबईहून हाँगकाँगला प्रवासी म्हणून गेले. कामासाठी असा प्रवासी म्हणून केलेला प्रवास वैमानिकांच्या भाषेत ‘डेडहेड’ म्हटला जातो. मंगळवारी रात्री दहा वाजता त्यांचे विमान हाँगकाँगहून निघाले, तेव्हा वाडीत संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि तुळशीपाशी नुकताच दिवा लागला होता. साडेनऊ तासांनी विमान अँकरेजला उतरले. तेथे मंगळवारच होता आणि दुपारचे साडेतीन वाजले होते, म्हणजे दिनांकरेषा ओलांडल्यामुळे घड्याळाच्या हिशेबी ते निघण्याच्या आधीच पोहोचले. वाडीत मात्र बुधवारचे पहाटेचे पाच वाजले होते. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाच्या शरीराचे तापमान दिवसातील सर्वांत खालच्या पातळीवर जाते, लक्ष विचलित होते, साधी बेरीज चुकते. शेकडो टनांचे विमान धावपट्टीवर टेकवण्याचे काम नेमके त्याच वेळी कॅप्टनच्या हाती आले, आणि खिडकीबाहेर तर लख्ख ऊन होते.

अँकरेजला त्यांना २७ तास मिळाले. कागदावर ही भरपूर विश्रांती दिसते. मे महिन्याच्या अखेरीस तेथे सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जाड पडदे ओढून ते लगेच झोपले आणि चार तासांनी जागे झाले, कारण वाडीच्या हिशेबी तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पुढची झोप तुकड्यातुकड्यांत झाली. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला पुन्हा उड्डाण झाले आणि शिकागोला पहाटे साडेतीनला विमान उतरले. या उड्डाणाच्या अगोदरची शेवटची चांगली झोप कोणती, असे विचारल्यावर कॅप्टन थोडा वेळ बोटांवर मोजत राहिले आणि मग म्हणाले, “घरची.”

(दृश्य : विमानाचा वरचा मजला. एकावर एक अशी दोन बिछान्यांची जागा, छोटी ओव्हन, चार खुर्च्या.)

लांब पल्ल्याच्या उड्डाणात वैमानिकांची संख्या वाढवून झोपेची सोय केली जाते. अमेरिकेच्या जुन्या, मालवाहू विमानांना अजूनही लागू असलेल्या नियमांप्रमाणे आठ तासांपर्यंत दोन, आठ ते बारा तासांपर्यंत तीन आणि त्यापुढे चार वैमानिक असा साधारण हिशेब असतो. कॉकपिटच्या मागे असलेल्या बंकमध्ये पाळीपाळीने झोपायचे असते. हवाई सेविका नसतात, त्यामुळे जेवण स्वतःच गरम करावे लागते. फुले असतील तर फुलांचा, घोडे असतील तर घोड्यांचा वास वरच्या मजल्यापर्यंत येतो. हवा इतकी कोरडी असते की घसा सुकून जाग येते. बंकमधून उठल्यावर पहिली पंधरावीस मिनिटे डोके जड असते, म्हणून उठल्याबरोबर कोणी सुकाणू हाती घेत नाही. नासाच्या संशोधकांनी पॅसिफिक ओलांडणाऱ्या वैमानिकांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, खुर्चीतच ४० मिनिटांची सवड दिलेल्या वैमानिकांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि उतरण्याच्या वेळी ते इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक सावध आढळले. अनेक देशांनी अशा नियंत्रित डुलकीला परवानगी दिली आहे. अमेरिकेने ती अद्याप दिलेली नाही, आणि हे आग्रहाचे धोरण मला तरी समजलेले नाही.

हॉटेलातील झोपेचा मोठा शत्रू टेलिफोन असतो. मालाचे ट्रक उशिरा आले, पॅलेट बांधायची राहिली, तर उड्डाण चार तास पुढे जाते, आणि ते चार तास आणखी झोपा हे सांगण्यासाठी वैमानिकाला झोपेतून उठवले जाते.

वर्षाला १००० उड्डाणतासांची मर्यादा भारतातही आहे आणि अमेरिकेतही. हिशेबी माणूस म्हणेल की एवढे तास तर तालुक्याच्या कचेरीतला कारकून सहा महिन्यांत भरतो. तास मोजणाऱ्या नियमाची अडचण इथेच आहे, कारण तो तास दुपारचा आहे की पहाटे चारचा, हे त्याला दिसत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. ४ जानेवारी २०१४ पासून तेथे लागू झालेल्या नियमांत दिवसाची वेळ प्रथमच नीट विचारात घेतली गेली. सकाळी कामावर येणाऱ्या दोन वैमानिकांना १४ तासांपर्यंत कर्तव्यावर राहता येते, मध्यरात्रीनंतर येणाऱ्यांना फक्त ९ तास. मात्र मालवाहू कंपन्यांना या नियमांतून वगळण्यात आले, कारण त्यांच्यावर पडणारा खर्च होणाऱ्या लाभापेक्षा जास्त ठरतो असे सरकारी गणित निघाले. युरोपीय संघाचे २०१६ पासून लागू असलेले नियम असा भेद करीत नाहीत. रात्री काम करणाऱ्यांनाच रात्रीच्या नियमातून वगळावे, यातील विसंगती उघड आहे.

हे नियम लागू होण्याच्या काही महिने आधी, १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे पाचच्या आत, यूपीएस या अमेरिकन पार्सल कंपनीचे एअरबस ए-३०० मालवाहू विमान अलाबामातील बर्मिंगहॅम येथे धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. ते उड्डाण लांब पल्ल्याचे नव्हते, पण वेळ तीच होती. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात दोघे विश्रांतीच्या नियमांबद्दल आणि आपल्या थकव्याबद्दल बोलताना ऐकू येतात. चौकशी अहवालाने उतरण्याच्या पद्धतीतील चुका हे मुख्य कारण मानले आणि थकवा हा सहायक घटक म्हणून नोंदवला. सहवैमानिकेने सुट्टीचा वेळ झोपेसाठी नीट वापरला नव्हता, असेही त्यात म्हटले आहे. मिळालेली विश्रांती आणि लागलेली झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अँकरेजच्या २७ तासांवरून आपण पाहिलेच.

(दृश्य : सकाळ. घराच्या आतील खोली. दार लोटलेले आहे.)

सकाळी नऊला घरात वर्दळ सुरू होते तेव्हा कॅप्टन झोपायला जातात. या जुन्या घरात माजघरालगत एक बिनखिडकीची अंधारी खोली आहे, जिला घरातले सगळे अजूनही बाळंतिणीची खोली म्हणतात, आणि त्यांची आई आल्यागेल्याला “तो बाळंतिणीच्या खोलीत आहे, हळू बोला,” असे सांगते. महागड्या हॉटेलांच्या जाड पडद्यांपेक्षा हा अंधार अस्सल आहे, असे कॅप्टन म्हणतात. तरीही सुट्टीच्या बारातेरा दिवसांपैकी पहिले पाचसहा दिवस शरीर परत येण्यात जातात, आणि शेवटचे दोन दिवस पुढच्या खेपेच्या तयारीत.

सुट्ट्या सेवाज्येष्ठतेप्रमाणे मागायच्या असतात. बहुतेक सहकाऱ्यांना नाताळ हवा असतो आणि कॅप्टनना भाद्रपदातील चतुर्थी, त्यामुळे अदलाबदल सहसा जमते. मालाची खरी गर्दी सप्टेंबरपासून वाढत जाऊन वर्षअखेरीस टोकाला पोहोचते, म्हणून गणपती उशिरा आले तर मात्र मखरासमोर त्यांची जागा रिकामी राहते. शिमग्याला ते बहुधा घरी असतात, कारण चिनी नववर्षाच्या सुमारास कारखाने बंद राहतात आणि त्यानंतरही काही काळ मालाला ओहोटी लागलेली असते. एका चिनी सणाने कोकणातील पालखीसाठी माणूस मोकळा होतो, हे वाडीत फारसे कुणाला ठाऊक नाही.

निघण्याचा दिवस ठरवणे हे या घरातील अवघड काम आहे. रोस्टरमधील सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे वैमानिकांच्या बोलीत ‘झुलू’ वेळेत, छापलेल्या असतात, आणि त्या आपल्या साडेपाच तास मागे असतात. चौदा तारखेला झुलू साडेआठ वाजता रात्री हजर राहायचे असेल, तर इथे पंधरा तारखेच्या रात्रीचे दोन वाजलेले असतात. त्यात चिपळूणपर्यंतचा रस्ता, मग कोकण रेल्वेने मुंबई, आणि गाडी चुकली तर महामार्ग. एकदा या हिशेबात घोटाळा होऊन निरोपाच्या पुरणपोळ्या एक दिवस उशिरा झाल्या, आणि त्या वाडीतल्या मुलांनी खाल्ल्या. तेव्हापासून भिंतीवरील कालनिर्णयावर दोन रंगांच्या खुणा असतात, लाल खूण झुलूची आणि निळी घरची.

पेजेचे ताट विहिरीपाशी विसळून कॅप्टन आत येतात. रात्रीचे तीन वाजून गेले आहेत. मोबाइलवर नवे रोस्टर आले आहे. ते कालनिर्णयाचे जूनचे पान उलटतात, लाल पेनाने एका चौकोनात खूण करतात, बोटांवर साडेपाच तास मोजतात, आणि निळी खूण शेजारच्या चौकोनात करतात.